शियान फेमस फूड्स : हाताने ओढलेली नूडल साखळीत टिकते कशी?

सोऱ्या

न्यू यॉर्कच्या ७ नंबरच्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन म्हणजे फ्लशिंग मेन स्ट्रीट. २००५ साली डेव्हिड शी यांनी फ्लशिंगमध्ये बबल टीचं दुकान काढलं आणि जोडीला चीनमधल्या शियान या आपल्या गावचे मोजके पदार्थ ठेवले. गिऱ्हाईक चहापेक्षा त्या पदार्थांसाठी यायला लागलं, तेव्हा गोल्डन शॉपिंग मॉलच्या तळघरात गाळा घेतला. खाद्यभटके शेफ अँथनी बोर्डेन यांच्या टीव्ही कार्यक्रमात तो गाळा आला आणि चिनी न समजणारे लोकही तो जिना उतरू लागले. २००९ मध्ये मुलगा जेसन वाँग शिक्षण संपवून धंद्यात आला. शियान फेमस फूड्सची पुढची दुकानं त्याच्या काळातली. मॅनहॅटन, क्वीन्स, ब्रुकलिन; मालकी घरातच, फ्रँचायझी नाही.

हा धागा दुकानाची तारीफ करायला काढलेला नाही. प्रश्न धंद्याचा आणि स्वयंपाकाचा आहे. शियानचं खाणं गव्हावर उभं आहे, आणि गव्हाचे हे पदार्थ करून ठेवण्यातले नाहीत. मग दहा ठिकाणी एकच चव द्यायची तर मध्यवर्ती स्वयंपाकघरातून काय पाठवायचं आणि दुकानात काय करायचं?

माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या मेन्यूतच आहे. मेन्यू आखूड आहे, पदार्थांना अक्षर-आकड्यांची नावं आहेत: ए१ म्हणजे ल्यांगपी (गव्हाच्या चिकाच्या थंड पट्ट्या), बी१ जिरं घातलेल्या मटणाचा पाव, एन१ त्याच मटणाच्या हाताने फाडलेल्या नूडल्स. तेच मटण पावात, तेच नूडल्सवर. तिखट तेल, व्हिनेगरचं पाणी, मसाले, शिजवलेलं मांस हे सगळं एका जागी करून पाठवता येतं. कणीकही मळून, मुरवून, गोळे करून पाठवता येते. ओढलेली नूडल मात्र पाठवता येत नाही. ती गिऱ्हाईक समोर उभं असताना ओढायची आणि त्याच मिनिटाला उकळत्या पाण्यात टाकायची.

ज्यांनी हे घरी किंवा धंद्यात केलंय त्यांनी मापं लिहा. 'छान लागतं' एवढंच लिहायला दुसरे धागे आहेत.

तिंबण

ब्यांगब्यांग, म्हणजे हाताने ओढून फाडलेल्या रुंद नूडल्सचं चौघांचं माप लिहितो.

पीठ ६०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम. म्हणजे पाणी पिठाच्या निम्मं आणि मीठ शंभराला एक. पाणी वजन करूनच घ्या. वाटीच्या मापात २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि इथे तेवढ्याने बिघडतं.

सुरुवातीला कणीक घट्ट आणि ओबडधोबड दिसते. पाणी वाढवायचं नाही. झाकून १५ मिनिटं ठेवा, मग ५ मिनिटं तिंबा, पुन्हा १५ मिनिटं ठेवा, पुन्हा तिंबा. तिसऱ्या वेळेला गुळगुळीत होते. साधारण ७५ ग्रॅमचे बारा गोळे करा, बोटाएवढे लांबट वळा, सगळ्या बाजूंनी तेल लावा, ताटात ठेवून वर प्लास्टिक घट्ट दाबून बसवा. किमान दीड तास. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेत तर ओढण्याआधी दोन तास बाहेर काढा.

ओढताना गोळा हाताने चपटा करा, लाटण्याने साधारण १२ बाय ७ सेंटिमीटरचा आयत करा. लांबीच्या दिशेने मधोमध लाटणं किंवा काडी दाबून खाच पाडा. खाच खोल हवी, पण आरपार नको. दोन्ही टोकं अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू हात फाकवा, खांद्याएवढं अंतर झालं की पट्टी वरखाली हलवत ओट्यावर आपटा. आपटण्याने मधला जाड भाग लांबतो. नुसतं ओढत राहिलात तर हातांजवळचा भाग पातळ होतो आणि तिथेच तुटतो. शेवटी खाचेवर दोन्ही बाजूंनी धरून फाडत जा, टोकं जोडलेलीच ठेवा, एक मोठं कडं होतं. लगेच खळखळत्या पाण्यात टाका. वर आल्यावर एक मिनिट पुरे.

वाडग्यात नूडल, तळाशी सोया सॉस एक चमचा आणि काळं व्हिनेगर दीड चमचा. वर कांद्याची पात, ठेचलेला लसूण, जाडसर मिरची. त्यावर कडकडीत तेल ओतायचं, चर्र आवाज आलाच पाहिजे. आपल्याकडे वरून लसणाची फोडणी घेतो, तेच.

खानावळ

दोन प्रश्न. आपलं पोळ्यांचं पीठ चालेल का? आणि ओढताना मधोमध तुटते ती का?

तिंबण

पोळ्यांच्या पिठात प्रथिन भरपूर असतं, पण कोंड्याचे कण ग्लुटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी कापतात. शिवाय चक्कीत स्टार्चचे दाणे जास्त दुखावतात, त्यामुळे ते पीठ पाणी जास्त पितं आणि कणीक मऊ पण अशक्त होते. पोळी लाटायला ते उत्तम, ओढायला नाही. खपलीचा तर विचारच करू नका. तिचं ग्लुटेन मुळातच कमजोर. अमेरिकेत असाल तर ब्रेडचं पीठ घ्या. भारतात मैदा, तोही पुड्यावर १०० ग्रॅमला ११-१२ ग्रॅम प्रथिन लिहिलेला.

तुटण्याचं म्हणाल तर कशी तुटते ते पाहा. ओढल्यावर रबरासारखी मागे येत असेल तर मुरली नाही, अर्धा तास आणखी द्या. ताण न घेता पटकन तुटत असेल तर कणीक थंड आहे किंवा कोरडी. खाचेवर भोक पडत असेल तर खाच जास्त दाबलीत. गोळे ताटाला चिकटून ओरबाडले जात असतील तर तेल कमी पडलं.

आणि मुरवायला ठेवलेला गोळा पुन्हा मळायचा नाही. बऱ्याच जणांची चूक इथे होते. आकार वेडावाकडा झाला म्हणून पुन्हा गोळा केला की ग्लुटेन आकसतं आणि दीड तास वाया जातो. वेडावाकडाच ओढा.

कोंकणकडा

'ब्यांग' हे ओट्यावर आपटण्याच्या आवाजावरून पडलेलं नाव मानतात. त्याचं चिनी अक्षर ५० हून जास्त रेघांचं. संगणकावर ते टंकता येत नसे, म्हणून पाट्यांवर चित्र चिकटवत. २०२० साली युनिकोडच्या १३ व्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली.

दुसरं, शियान ज्या प्रांताची राजधानी आहे तो शान्शी. शेजारच्या प्रांताचं नावही देवनागरीत शान्शीच होतं, फरक सुरांचा आहे. रोमन लिपीत पश्चिमेकडच्या, म्हणजे शियानच्या, प्रांताला एक जास्तीचा 'ए' जोडून वेगळं दाखवतात. व्हिनेगरची बाटली विकत घेताना हे उपयोगी पडतं. जुनं काळं व्हिनेगर प्रसिद्ध आहे ते पूर्वेकडच्या शान्शीचं, आणि ते मुख्यतः ज्वारीचं! आपल्या भाकरीच्या ज्वारीचं व्हिनेगर होतं हे वाचून मजा वाटेल. सगळीकडे मिळणारं चिनकियांग हे च्यांगसू प्रांतातलं, चिकट तांदळाचं, जरा गोडसर. नूडल्सला दोन्ही चालतात. ल्यांगपीला ज्वारीचं जास्त शोभतं.

वाळवण

आता ल्यांगपीबद्दल कुणी बोलणार आहे की नाही? मराठी माणसाला शियानच्या खाण्यातलं सगळ्यात ओळखीचं काही असेल तर ते ल्यांगपी. गव्हाचा चीक, दुसरं काही नाही. कुरडईचा रस्ता अर्ध्यावर सोडून वेगळ्या गल्लीत शिरायचं.

कुरडईला आपण गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, वाटून चीक पिळतो, रात्रभर निवू देतो, वरची निवळी ओततो, मीठ-हिंग घालून शिजवतो आणि सोऱ्यातून पाडतो. ल्यांगपीला गहू भिजवायचे नाहीत, पिठापासून सुरुवात. ५०० ग्रॅम ब्रेडचं पीठ, २५० ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम मीठ. घट्ट मळून तासभर झाका. मग परातीत दीड लिटर पाणी घेऊन त्यात तो गोळा कपडा धुतल्यासारखा चुरगाळायचा. पाणी दुधासारखं झालं की दुसऱ्या पातेल्यात काढायचं, पुन्हा नवं पाणी. तीन-चार वेळा. पाणी जवळपास नितळ यायला लागलं आणि हातात पिवळट, चिवट, स्पंजासारखा गोळा राहिला की थांबा. तो गोळा म्हणजे ग्लुटेन. टाकायचा नाही.

सगळं पांढरं पाणी बारीक गाळणीतून गाळा, ग्लुटेनचे धागे राहिले तर पापुद्र्यात गाठी येतात. किमान सहा तास, शक्यतो रात्रभर फ्रीजमध्ये. बाहेर ठेवायचं नाही. कुरडईच्या चिकाला थोडा आंबूसपणा आपल्याला हवा असतो, इथे नको. सकाळी निवळी वेगळ्या भांड्यात ओतून काढा. उरलेला चीक पातळ सायीसारखा हवा. हाताने ढवळून बघा, बोटावरून सलग धार पडली पाहिजे.

वाफवायचं कसं, तर तांदळाच्या फेण्या येत असतील तर येतंच. सपाट बुडाच्या स्टीलच्या ताटलीला तेल लावा, एक डाव चीक घालून फिरवा, दीड मिलिमीटरचा थर. उकळत्या पाण्याच्या मोठ्या कढईत ताटली तरंगत सोडा, झाकण घट्ट. दोन ते अडीच मिनिटांत मधे मोठा फुगा येतो, तेव्हा झालं. ताटली गार पाण्याच्या परातीत ठेवा, पापुद्रा सुटतो. वर तेलाचा हात फिरवून एकावर एक रचा. बोटभर रुंद पट्ट्या कापा.

प्रत्येक डाव घेण्याआधी चीक तळापासून ढवळायचा. स्टार्च दोन मिनिटांत खाली बसतं. ढवळलं नाही तर पहिले पापुद्रे पाण्यासारखे तुटतात आणि शेवटचे वहाणेच्या तळव्यासारखे होतात.

खानावळ

आणि तो ग्लुटेनचा गोळा?

वाळवण

२ ग्रॅम यीस्ट चोळून घाला, अर्धा तास ठेवा, १५-२० मिनिटं वाफवा. गार झाल्यावर भोकाभोकांचा होतो, चौकोनी तुकडे करून ल्यांगपीतच घालायचे. रस्सा तेच शोषून घेतात. यीस्ट विसरलात तर रबर.

वरून काकडीचे लांब काप, वाफवलेली मोड आलेली मुगाची उसळ (चिनी मोड लांब असतात, पण आपलेही चालतात), लसणाचं पाणी, व्हिनेगर, मीठ, तिखट तेल. शियानच्या मुसलमान मोहल्ल्यात तिळाची पेस्ट घालतात. ती थेट बाटलीतून घालू नका, कोमट पाण्यात थोडी थोडी फेटून ताकाएवढी पातळ करा. शाकाहारी माणसाला हा पदार्थ डोळे झाकून चालावा. तरी दुकानात विचारून घ्या, सॉसमध्ये काय असेल सांगता येत नाही.

सोऱ्या

वाळवण, दंडवत. यातून साखळीचा दुसरा पेच दिसतो. ल्यांगपी थंड खायचा पदार्थ, म्हणून पाठवायला सोपा वाटतो. पण स्टार्च फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगाने कडक होतं. शिळा भात फ्रीजमध्ये टणक होतो तसंच. दुसऱ्या दिवशी पट्ट्या वाकवल्या की मोडतात. न्यू यॉर्क शहराचा नियम म्हणतो की नासणारं थंड अन्न ५ अंशांवर किंवा खाली ठेवा. म्हणजे कायद्याने जिथे ठेवायला हवं तिथेच पोत मरतो. इलाज एकच, रोज करायचं आणि रोज संपवायचं.

थंड_साखळी

मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या बाजूने लिहितो. मांस शिजवणं हा सोपा भाग, गार करणं अवघड. शहराच्या नियमाप्रमाणे गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं. गार करताना ६० वरून २१ वर दोन तासांत यायला हवं आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. रश्श्याचं चाळीस लिटरचं पातेलं तसंच थंड खोलीत ठेवलं तर मधला भाग मध्यरात्रीही कोमट असतो. जिवाणूंना दुसरं काय हवं! म्हणून उथळ ट्रे, दोन इंचांपेक्षा जास्त थर नाही, झाकण अर्धवट उघडं, किंवा पातेल्यात बर्फ भरलेली बंद दांडी सोडून ढवळायचं. मांस आणि रस्सा वेगळे करून गार केले की वेळ निम्म्यावर येतो.

तिखट तेल मात्र साखळीला मिळालेलं वरदान. टिकतं, प्रवास करतं, एका हाताने केलं की सगळीकडे तीच चव. कुटुंबाच्या धंद्यात मसाल्याचं मिश्रण घरच्याच माणसाच्या हातात ठेवतात ते उगाच नाही.

एक इशारा: ताजा लसूण तेलात घालून बाहेर ठेवू नका. लसूण, तेल आणि हवेचा अभाव म्हणजे बोट्युलिझमला (जीवघेण्या विषबाधेला) आवतण. लसूण वाढताना वरून.

ब्याडगी

तिखट तेलाचं माप:

जाडसर मिरची १०० ग्रॅम, तेल ५०० मिली. शान्शीतली मिरची लांब, सुरकुतलेली, रंगाला गडद आणि वासाला गोड असते, जाळ कमी. त्यामुळे ८० ग्रॅम ब्याडगी आणि २० ग्रॅम संकेश्वरी असं घेतलं की जवळ जातं. नुसती लवंगी घेतलीत तर रंग येणार नाही आणि चमचाभरसुद्धा घालता येणार नाही; पदार्थाला चार चमचे लागतात. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा, बियांसकट, रव्याहून जाड.

तेल मोहरीच्या जातीचं, म्हणजे कॅनोला चालेल. आपलं घाणीचं मोहरीचं घेतलं तर आधी धूर येईपर्यंत तापवून गार करा, नाहीतर नाकात जातं. तेलात दालचिनीचा तुकडा, २ चक्रीफूल, १ मसाला वेलची, तमालपत्र, आल्याच्या ५ चकत्या, कांद्याची पात. १२० अंशांवर २० मिनिटं, पात तपकिरी झाली की सगळं गाळून काढा. जळलेली पात राहिली तर अख्खं तेल कडू.

मग तेल २०० पर्यंत तापवून गॅस बंद. १८० वर आलं की तिसरा हिस्सा मिरचीवर ओता आणि ढवळा, हा वासासाठी. १५० वर दुसरा हिस्सा, रंगासाठी. १२० वर उरलेला. शेवटी एक चमचा काळं व्हिनेगर, ते फसफसतं, भांडं मोठं घ्या. वर भाजलेले तीळ. रात्रभर ठेवा. त्याच दिवशी चव घेऊन नावं ठेवू नका.

थर्मामीटर नसेल तर मिरचीचा एक कण टाका. लगेच काळा पडला तर थांबा, फेसाळून वर येऊन लालच राहिला तर ओता.

कोंकणकडा

जिभेला झिणझिण्या आणणारं सिचुआन मिरं म्हणजे आपल्या तिरफळाचं चुलतभावंड. वंश एकच, झँथॉक्सिलम. अमेरिकेत १९६८ पासून त्याच्या आयातीवर बंदी होती, लिंबूवर्गीय झाडांच्या कँकर रोगाच्या भीतीने. २००५ मध्ये, म्हणजे शी यांनी दुकान काढलं त्याच वर्षी, उष्णतेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर बंदी उठली.

बदली म्हणून तिरफळ वापरायचं असेल तर आतली काळी बी काढाच, ती दाताखाली वाळूसारखी लागते. तिरफळाचा वास जास्त उग्र, म्हणून निम्मं घ्या. माशाच्या आमटीत आपण अख्खं ठेचून टाकतो. इथे कोरडं भाजून, कुटून, चाळून.

ब्याडगी

+१. आणि जिऱ्याच्या मटणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. बिनहाडाचं मांडीचं मटण ५०० ग्रॅम, अर्धवट गोठवून आडव्या धाग्यात ३ मिलिमीटर काप. सोया सॉस एक चमचा, कॉर्नफ्लोर दोन चमचे, अर्धा तास. जिरं १२ ग्रॅम भाजून जाडसर कुटा. कढई धुरावेपर्यंत तापवा, मटण दोन खेपांत परता. एकदम घातलं की पाणी सुटून उकडतं. कांदा, हिरवी मिरची, मग मटण परत, आणि जिरं अगदी शेवटी, ३० सेकंद. आधी घातलेलं जिरं त्या आचेला जळतं आणि कडवटपणाचं खापर मटणावर फुटतं.

फडताळ

पावाचं राहिलं. बी१ चा पाव म्हणजे बर्गरचा गोड फुसफुशीत पाव नव्हे. ३०० ग्रॅम पीठ, १५५ ग्रॅम पाणी, २ ग्रॅम यीस्ट, फक्त अर्धवट फुगू द्यायचा. पूर्ण फुगला तर रस पिऊन चिखल होतो. लांब पट्टी लाटून गुंडाळी करा, उभी धरून दाबा, तळहाताएवढी लाटा. तव्यावर मंद आचेला बिनतेलाची भाजा, मग २०० अंशांच्या ओव्हनमध्ये ६ मिनिटं. शियानमध्ये चांगल्या पावाची खूण सांगतात: कडेला लोखंडी कडं, पाठीवर वाघाचे पट्टे, पोटात शेवंतीचं फूल.

मूळ रौज्यामो, म्हणजे हा मांस भरलेला पाव, डुकराच्या मांसाचा. मुसलमान मोहल्ल्यात गोमांस किंवा मटण.

खानावळ

नूडल्स पार्सल नेल्या तर किती वेळ तग धरतात?

सोऱ्या

दुकानातच पाटी असे की गार झालेली नूडल फुगते, गिचका होते, तेलकट लागते, तेव्हा इथेच खा. गिऱ्हाईकाला परतवणारी पाटी लावायला छाती लागते, पण खरं आहे ते. रुंद नूडलचा पृष्ठभाग मोठा, बाहेर आली तरी आतल्या पाण्याची ओढाताण चालू राहते. ती आधी सॉस पिते, मग एकमेकींना चिकटते. दहा मिनिटांत फरक कळतो.

न्यायच्याच असतील तर ल्यांगपी न्या, सॉस वेगळा बांधून घ्या. किंवा पाव, कागदात, प्लास्टिकच्या डब्यात नको, वाफेने कडा मऊ पडतात. घरी करणाऱ्यांनी तिखट तेल आणि मटण आदल्या दिवशी करावं, गोळे सकाळी, आणि पाहुणे ताटावर बसल्यावर ओढायला घ्यावं. एका वेळी दोन वाडग्यांच्याच नूडल्स पाण्यात. चार घातल्या की उकळी बसते आणि बाहेर येतो तो शेवयांचा गोळा.

वाळवण

निवळी कुणी मोरीत ओतत असाल तर ओतू नका. त्यात मीठ असतं म्हणून झाडांनाही नको. दुसऱ्या दिवशीची कणीक तिच्यात भिजवा, फक्त मीठ कमी घाला.